आईवरचा खटला आता काढून घ्या

दिवाळी आली की आमच्या चांदूर बाजारात घरोघर एक कोर्ट भरते. त्याला समन्स लागत नाही, वकील लागत नाही, कागद तर मुळीच लागत नाही. लक्ष्मीपूजन आटोपलेले असते, चकल्या-अनारशांची ताटे फिरत असतात, पुण्या-नागपुराहून आलेली मंडळी ओसरीवर ऐसपैस बसलेली असतात. आणि एवढ्यात कोणाचे तरी लक्ष कोपऱ्यातल्या एखाद्या लेकराकडे जाते.

आमच्या घरी हे कोर्ट दोन दिवाळ्यांपूर्वी भरले. लेकरू तीन वर्षांचे. बाहेर फटाक्यांची माळ लागली की दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून ते धान्याच्या कोठीमागे जाऊन बसे. हाक मारली तर वळून पाहत नसे. पणत्या एका ओळीत लावण्यात त्याचा तासन्‌तास जाई. आणि कोणी एखादी पणती इकडची तिकडे केली की ते आकांत मांडी. झाले! सुनावणीस प्रारंभ झाला.

"काहून वं बाई, थे पोट्टं अजून बोलत नाई काय?" आत्याबाईंनी विचारले.

"बोलन कसं? माय त दिवसभर नौकरीवर. घरात त्याच्याशी बोलाले हाय कोन?"

"मोबाइल देल्ला असन हातात."

"पोटात होतं तवा गिरान पाळलं नसन तिनं."

शेवटचे साक्षीदार शिकलेले होते. ते म्हणाले, "मी तर वाचले आहे, हे सारे लसी टोचल्यामुळे होते."

आरोपी स्वयंपाकघरात पुऱ्या तळीत होती. तिला सारे ऐकू येत होते. तिची बाजू कोणी विचारली नाही. आणि गंमत अशी की, मुलाचा बाप तिथेच बसला असता त्याला साधा साक्षीलाही कोणी उभा केला नाही. असल्या खटल्यांत आरोपी नेहमी एकच, ती म्हणजे आई!

वाचकहो, हे कोर्ट मी दुरून पाहिलेले नाही. न्यायासनावर मीच होतो. ते लेकरू माझा नातू, आणि आरोपी माझी सून. बत्तीस वर्षे मास्तरकी केलेला मी माणूस. मुलांतले मला सारे कळते अशी माझी घमेंड होती. नातू दीड वर्षाचा असताना सूनबाई मला म्हणाली होती, "बाबा, हा बोट दाखवून काहीच मागत नाही. नाव घेतले तरी बघत नाही. अमरावतीला दाखवू या का?" मी हसलो आणि म्हणालो, "त्याचा पणजाही उशिराच बोलला होता. वाट पाहा." तिने दीड वर्ष वाट पाहिली. ते दीड वर्ष माझ्या नावावर जमा आहे, आणि म्हणूनच हा लेख लिहावयाचा मला अधिकार आहे असे मी मानतो.

पुढे डॉक्टरांनी सांगितले, ते असे. प्रथम मुलाचे कान तपासले. ते ठीक होते. मग त्याचे वागणे पाहिले, आम्हांला पुष्कळ प्रश्न विचारले, आणि निदान केले : ऑटिझम. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द मला फारसा रुचत नाही. त्यातून असे वाटते की मूल एखाद्या योग्यासारखे आपल्याच आनंदात बुडालेले आहे, त्याला आपली गरज नाही. वस्तुतः तसे नाही. त्याला माणसे हवी असतात; माणसांशी जोडून घेण्याचा जो रस्ता तुम्हांआम्हांला उपजत ठाऊक असतो तो त्याला ठाऊक नसतो. नजर, हावभाव, बोट दाखवणे, बोलणे, हे त्याच्या अंगी सहजी येत नाही. एकच खेळ, एकच ओळ, एकच क्रम त्याला पुनःपुन्हा हवा असतो. आवाज, उजेड, कपड्याचा स्पर्श यांची संवेदना त्याला आपल्याहून कितीतरी अधिक वा कितीतरी कमी होते. फटाक्याच्या आवाजाने आपण दचकतो. त्याला तो आवाज डोक्यात घण पडावा तसा लागतो. हा काही फाजील लाडाचा परिणाम नव्हे. मेंदूची जडणघडणच निराळी असते, आणि ती जन्माच्या आधीपासून निराळी असते.

शेवटचे वाक्य कृपा करून पुन्हा वाचा. जन्माच्या आधीपासून! मग जन्मानंतर आई नोकरीवर गेली की घरी राहिली, याचा संबंध येतो कुठे?

आईवरचा हा आरोप मात्र आमच्या आत्याबाईंनी शोधून काढलेला नाही. तो मोठमोठ्या विद्वानांनी शोधून काढला होता. १९४३ साली अमेरिकेत, बाल्टिमोर येथे, लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली आणि ऑटिझम ही निराळी अवस्था म्हणून जगापुढे मांडली. त्या पहिल्या निबंधात त्यांनी हे वेगळेपण उपजत असावे असेच म्हटले होते. पण पुढे, १९४९ च्या सुमारास, या मुलांचे आईबाप भावनेने थंड असतात असे त्यांनी लिहिले आणि रेफ्रिजरेटरची उपमा वापरली. झाले! 'रेफ्रिजरेटर आई' हा शब्द जगभर पसरला. शिकागोचे ब्रूनो बेटलहाइम तर याहून पुढे गेले. ते स्वतः नाझींच्या छळछावणीतून सुटून आलेले. १९६७ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी छावणीतले कैदी आणि ही मुले यांची सांगड घातली. याचा अर्थ एवढाच की, मुलाचे घर म्हणजे छावणी आणि आई म्हणजे पहारेकरी! किती माउल्यांनी हे वाचून रात्री काढल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

हा आरोप पहिल्यांदा जोराने खोडून काढला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ; त्यांचा मुलगा ऑटिस्टिक. त्यांनी उपलब्ध असलेला सारा पुरावा वाचून १९६४ साली ग्रंथ लिहिला आणि हा दोष आईच्या मायेचा नसून शरीराचा, मेंदूचा प्रश्न आहे असे दाखवून दिले. मग १९७७ साली लंडनमध्ये सूझन फोलस्टाइन व मायकेल रटर यांनी जुळ्यांची पाहणी केली. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम आढळला. वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्या १० जोड्यांत असे एकही उदाहरण मिळाले नाही. आई एकच, घर एकच, माया एकच. फरक फक्त बीजाचा! त्यानंतर अशा पाहण्या मोठमोठ्या झाल्या. २०१९ साली पाच देशांतील सुमारे २० लाख मुलांच्या नोंदींवरून निघालेला निष्कर्ष असा की, ऑटिझम कोणाला होतो व कोणाला होत नाही यातील जवळजवळ ८० टक्के फरक आनुवंशिक कारणांचा आहे. एकच एक जनुक यास जबाबदार नाही. शेकडो जनुकांचा त्यात हात आहे. काही बदल आईबापांकडून येतात, काही मुलातच नव्याने घडतात. मुलाचे फार अपुऱ्या दिवसांत जन्मणे, आईबापांचे वाढलेले वय, गरोदरपणी घेतलेली फिटवरची काही औषधे, यांनीही शक्यता थोडीबहुत वाढते.

हे वाचून एखादे काका लगेच विचारतील, "म्हणजे दोष माहेरकडचा की सासरकडचा?" काका, एवढ्यासाठी मी ही आकडेवारी दिली नाही. जुना खटला काढून टाकून नवा दाखल करावयाचा नाही. माझ्या डोळ्यांचा रंग कोणाकडून आला यासाठी मी कोणावर फिर्याद करीत नाही.

आणि एक गोष्ट तर प्रत्येक ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवावी अशी आहे. ज्या कॅनर यांच्या लेखणीतून थंड आईबापांची भाषा निघाली, त्याच कॅनर यांनी १९६९ साली अमेरिकेतील पालकांच्या सभेत उभे राहून आईबापांना दोषमुक्त केल्याचे स्वमुखाने जाहीर केले. फिर्यादीनेच खटला काढून घेतला! त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. चंद्रावर माणूस उतरला ही बातमी त्याच वर्षी आमच्या गावात पोहोचली. हा निकाल मात्र अजून पोहोचावयाचा आहे.

आता लसीचे पाहू. १९९८ साली इंग्लंडमध्ये अँड्र्यू वेकफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या १२ मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीविषयी संशय उभा केला. तपास झाला तेव्हा त्यात लबाडी आढळली. 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० साली तो निबंध मागे घेतला आणि वेकफील्ड यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून त्याच वर्षी काढून टाकण्यात आले. २०१९ साली डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत ऑटिझमचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. ऑटिझमची चिन्हे ठळकपणे दिसण्याचे वय आणि ही लस टोचण्याचे वय जवळजवळ एकच पडते, एवढाच तो योगायोग. पण या संशयाची किंमत कोण देते? २०२२ साली मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा लहान मुले दगावली. शिकलेल्या काकांनी हे वाचले नसावे.

आईला धरण्याची ही खोड केवळ खेड्यापाड्यांची आहे असेही समजू नका. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीच जाहीरपणे गरोदर बायकांना सांगितले की, तापावरची ती साधी पॅरासिटामॉलची गोळी घेऊ नका, तिचा ऑटिझमशी संबंध आहे. वास्तविक २०२४ साली स्वीडनमधील सुमारे २५ लाख मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. तिच्यात सख्ख्या भावंडांची तुलना केली असता असा संबंध टिकला नाही. वॉशिंग्टन असो की चांदूर बाजार, कारण सापडेनासे झाले की बोट वळते ते आईच्याच पदराकडे!

मोबाइलचे म्हणाल, तर लहान मुलाच्या हाती तो तासन्‌तास देऊ नये, हे मीही म्हणतो. त्याने झोप आणि बोलणे दोन्ही बिघडतात. पण त्याने ऑटिझम होतो असे सिद्ध झालेले नाही. जे मूल माणसांत रमत नाही ते मोबाइलात रमते आणि दमलेली आई तो देते; आपण ते पाहतो आणि गाडी घोड्यापुढे जोडतो.

"पण मास्तर, आमच्या लहानपणी हे नव्हते," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. नव्हते कसे? चाळीसेक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. एस.टी.चे वेळापत्रक त्याला तोंडपाठ. परतवाड्याची गाडी किती वाजता, मोर्शीची किती वाजता, झोपेतून उठवले तरी सांगावे. पण मी विचारले, "तुझे नाव काय?" तर तो म्हणे, "तुझे नाव काय?" मला वाटले, कार्टे माझी टिंगल करते. मी छडी मारली. एकदा नव्हे, अनेकदा. ऐकलेला प्रश्न जसाच्या तसा परत म्हणणे हे या मुलांचे एक लक्षण असते, हे मला सत्तरीत कळले. तो मुलगा चौथीनंतर शाळेत आला नाही. ऑटिझम तेव्हाही होता, वाचकहो. फक्त त्याला आपण 'येडा' म्हणत होतो आणि छडी हे त्याचे औषध समजत होतो.

आज जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की, जगात सुमारे १२७ माणसांत एक जण ऑटिस्टिक असतो. अमेरिकेत २०२२ च्या मोजणीत आठ वर्षांच्या ३१ मुलांमागे एक सापडले. पूर्वी ज्यांना निराळी नावे देत किंवा कोणतेच नाव देत नसत, ती मुले आता मोजणीत येतात. व्याख्या रुंदावली, पाहणारे वाढले. वाढीचे मोठे कारण हे आहे. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत ऑटिझमला स्वतंत्र रकानाच नव्हता. जे मोजलेच नाही ते नव्हते असे म्हणणे म्हणजे डोळे मिटून रात्र झाली म्हणण्यासारखे आहे.

मग करावयाचे काय? 'कोणामुळे?' हा प्रश्न शास्त्रज्ञांना सोडवू द्या. तो ओसरीवर सुटावयाचा नाही. ओसरीवरचा प्रश्न एकच : 'आता काय?' वर्षाचे मूल नाव घेतल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे मूल बोटाने काही दाखवीत नसेल, आलेले शब्द गमावीत असेल, तर 'वाट पाहा' म्हणू नका. उशिरा बोलणारे प्रत्येक मूल ऑटिस्टिक नसते, हे खरे. पण ते ठरवणे आजोबांचे काम नव्हे. दाखवले आणि काही निघाले नाही, तर एक दिवस गेला. दाखवले नाही आणि निघाले, तर वर्षे गेली. लहान वयात मेंदू शिकावयास सर्वांत तयार असतो. ती वर्षे कोणताही नवस परत आणून देत नाही. बहिरमच्या यात्रेला माझा विरोध नाही, तेथे मी दरवर्षी जातो. नवस जरूर बोला, पण त्याआधी डॉक्टरकडे जा.

आणि बाजारापासून सावध राहा! गंडेदोरे विकणारा निदान शंभर-दोनशेत सोडतो. शहरांत कोट घातलेले लोक 'स्टेम सेल'ची सुई टोचून ऑटिझम बरा करतो म्हणून लाखो रुपये घेतात, आणि आईबाप शेत विकून ते देतात. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट सांगितले. ऑटिझम घालवणारे औषध आज जगात नाही. जे आहे ते संथ आहे, कष्टाचे आहे, आणि त्याची जाहिरात होत नाही : मुलाच्या कलाने खेळणे, त्याचे लक्ष जिथे आहे तिथे आपण जाणे, चित्रांच्या साह्याने मागावयास शिकवणे, स्पीच थेरपी, रोजच्या कामांचा सराव, दिवसाचा ठरलेला क्रम. माझा नातू आता पाच वर्षांचा आहे. त्याला पाणी हवे असले की तो पाण्याचे चित्र आणून सूनबाईच्या हातात ठेवतो. गेल्या पोळ्याला त्याने माझा हात धरून मला बैलांपाशी नेले आणि 'बैल' म्हटले. एवढेच. पण पूर्वी पाण्यासाठी तो भिंतीवर डोके आपटीत असे, हे ज्याने पाहिले आहे त्याला विचारा हे 'एवढेच' केवढे आहे ते!

येथे माझा दुसरा वाद आहे, आणि तो सरकारशी आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा तपासावयाचे आहे, आणि तपासावयाच्या यादीत ऑटिझमही आहे. कागद उत्तम आहेत. पण निदान, प्रमाणपत्र, थेरपी यांतील प्रत्येक गोष्टीसाठी तालुक्यातल्या आईने कडेवर मूल घेऊन, गर्दी-गोंगाट न सोसणाऱ्या त्या मुलासह, एस.टी.ने जिल्ह्याचे ठिकाण किती वेळा गाठावे? एका दिवसाची मजुरी आणि मुलाचा आक्रोश, दोन्ही तिच्याच पदरात.

तालुक्याला तज्ज्ञ कुठून आणणार, असे विचारतात. ऐका. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे एक प्रयोग झाला. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. ६५ मुले होती. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी आईबापांना मुलाच्या कलाने बोलण्याखेळण्याची रीत शिकवली. आणि मुले आपण होऊन संवाद सुरू करण्यात पुढे आली. गोव्यात जे घडते, रावळपिंडीत घडते, ते चांदूर बाजारात का घडू नये? आमच्या आशाताई, अंगणवाडीताई कमी हुशार आहेत काय? त्यांना शिकवा, त्या कामाचा मोबदला द्या, आणि तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्याचा एक दिवस या मुलांसाठी राखून ठेवा. माझी मागणी एवढी साधी आहे.

आमच्या भागाला हे काही अशक्य नाही. याच तालुक्यातील माधान गावचे गुलाबराव महाराज (१८८१-१९१५). वर्षाच्या आतच त्यांची दृष्टी गेली. तरी आपण त्यांना आंधळे म्हटले नाही, प्रज्ञाचक्षू म्हटले. मात्र त्यांच्या ग्रंथांचे ढीग दाखवून प्रत्येक वेगळ्या मुलाकडे प्रतिभेची मागणी करू नका. ऑटिस्टिक मुलांत काही विलक्षण बुद्धीची असतात, काही साधारण, आणि काहींना जन्मभर आधार लागतो. मान मिळण्यासाठी अलौकिक असावे लागू नये. शेजारच्या अचलपूर तालुक्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपले नाव दिले; २०२४ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्या मुलांकडून त्यांनी आधी गुणपत्रिका मागितली नव्हती. अठरा वर्षांनंतर या मुलांनी जावे कुठे, हा प्रश्न ते किती काळ विचारीत आले आहेत. 'आमच्या पश्चात याचे काय?' म्हणून रात्री जागणाऱ्या प्रत्येक आईबापाचा प्रश्न तोच आहे.

असो. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्याही ओसरीवर मंडळी जमलेली असतील. एखादे लेकरू कानांवर हात ठेवून कोठीमागे बसले असेल. त्याला ओढून बाहेर काढू नका, त्याच्याकडून नमस्कार करवून घेऊ नका, त्याच्या जवळपास फटाके लावू नका. हवे तर त्याच्या शेजारी जाऊन गुमान बसा आणि तो पणत्या लावील तशा लावू लागा.

आणि कोणी सुनावणी सुरू केलीच, तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाने उठावे आणि सांगावे की, हा खटला १९६९ सालीच निकालात निघाला आहे. मग स्वयंपाकघरात जाऊन तिला विचारावे, "सूनबाई, दवाखान्यात कधी जायचे? मी येतो बरोबर." मी हे विचारले, पण दीड वर्ष उशिरा. तुम्ही उशीर करू नका.